आकडा आत, माल बाहेर

म्हात्रे साहेब कुठल्याही नव्या जागी गेले की आधी तिथून बाहेर पडायची वाट शोधायचे. हॉटेलात गेले तर स्वयंपाकघरामागचं दार, दवाखान्यात गेले तर जिना. माझ्या भावाच्या लग्नाला ते कोपरखैरण्याच्या हॉलवर आले तेव्हा बुद्धवंदना चालू होती. सगळे हात जोडून पुढे बघत होते आणि साहेब मागच्या दारापाशी केटररने रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या हलवत होते. अंगात पांढरा सफारी, मानेवर घाम. आईने मला कोपराने ढोसलं.

"हे कोण गं?"

"आमचे साहेब."

"साहेब आहेत तर खुर्च्या कशाला उचलतायत?"

दार मोकळं झालं. साहेबांनी कडी काढून ते एकदा ढकलून बघितलं, हात झटकले आणि मग पुढे येऊन माझ्या वडिलांना जय भीम केला. "छान हॉल हाय," ते म्हणाले. "दोन दारं हायत."

तुर्भ्याच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट. रंगांना लागणारी द्रावकं आमच्याकडे बनायची. पेट्रोलच्या जातीचीच ती, नाकाला झोंबणारी आणि ठिणगीची वाट बघत बसलेली. मी नोकरीला लागले त्या दिवशी साहेबांनी मला आधी कंट्रोल रूममध्ये नेलं. भिंतभर मीटर होते. ते प्रत्येक मीटरच्या काचेवर नखाने टिचकी मारत पुढे जायचे, जणू एकेकाची खुशाली विचारतायत. मग त्यांनी मला मीटरच्या मागे वाकून बघायला लावलं.

"काय दिसतं?"

"वायरी."

"नळी दिसते काय कुठं?"

"नाही."

"का नाय? टाकीतला दाब इथं कळतो ना? मग टाकीतला माल इथपर्यंत का नाय आला?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं, "तिकडं टाकीपाशी सेन्सर हाय. तो फक्त आकडा पाठवतो. आकडा आत येऊ दे, माल बाहेर राहू दे. माणूस बसतो त्या खोलीत माल आनायचा नाय. एवढं लक्षात ठेवलंस तरी तुझी नोकरी सुखाची जाईल."

हे वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. कँटीनमध्ये पोरं त्यांची नक्कल करायची. डाळ वाढणाऱ्याला म्हणायची, "आकडा आत येऊ दे, माल बाहेर राहू दे." साहेबांच्या कानावर ते जायचं. "नक्कल करतात म्हनजे पाठ हाय," ते म्हणायचे.

वासाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नसत. एकदा पंपाजवळ मला वास आला. फार नाही, पण आला. मी त्यांना सांगितलं. बॅच मध्यावर होती आणि प्रॉडक्शनचे मॅनेजर म्हणाले की ही संपू द्या, मग बघू. साहेबांनी पंप बंद केला आणि स्विचसमोर खुर्ची टाकून बसले. मॅनेजर बोलले, मग ओरडले, मग फोनवरून वरच्या साहेबांना बोलावलं. म्हात्रे साहेब मांडीवर हात ठेवून बसून राहिले. "वास गेला की उठतो," एवढंच म्हणत राहिले. शेवटी एका जोडातलं पॅकिंग झिजलेलं सापडलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलंही असतं कदाचित. मॅनेजर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. मला म्हणाले, "वास येतो म्हनजे कुनीतरी सांगायला आलंय. सांगायला आलेल्याला दारातनं परत पाठवायचं नाय."

ते इथलेच. खाडीकाठच्या गावातले आगरी. त्यांच्या लहानपणी घरापुढे भातशेती आणि पलीकडे मिठागर होतं. शहर आलं तशी जमीन गेली, आणि मोबदल्याचे पैसे हातात आले तेव्हा गावातल्या बहुतेकांनी घरं बांधली. साहेबांच्या वडिलांनी घर बांधायच्या आधी मुंबईच्या एका डॉक्टरकडून जुनी मोटार विकत घेतली. दुधासारख्या रंगाची, गोल पाठीची, पुढे दोन मोठ्या दिव्यांची. गावातली ती पहिली चारचाकी. तिला नाव वगैरे कुणी ठेवलं नाही. 'म्हात्र्यांची मोटार' म्हटलं की पंचक्रोशीत कळायचं. गावातली प्रत्येक नवरी त्या मोटारीतून सासरी गेली. रंजनावहिनी, साहेबांच्या पत्नी, त्याच मोटारीतून सून म्हणून आल्या. वडील गेल्यावर मोटार साहेबांकडे आली आणि मग त्यांच्या रविवारांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

मी त्यांच्या घरी जायला लागले ती वहिनींमुळे. आमची रो-हाउसं एकाच सेक्टरमधली. वहिनी मला बाजारात भेटायच्या, हात धरून घरी न्यायच्या, सुकटीची चटणी बांधून द्यायच्या. त्या खळखळून हसायच्या आणि नवऱ्याबद्दल नवऱ्यासमोरच बोलायच्या. "कविता, या मानसानं लग्नाच्या दिवशी मला पहिलं काय विचारलं सांगू? चूल कुठल्या बाजूला हाय माहेरात, आनि दार कुठल्या बाजूला." साहेब बाहेर मोटारीखाली पडून असायचे. नुसते पाय दिसायचे. तिकडूनच म्हणायचे, "बरोबरच विचारलं."

ते निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं उरणला. नवरी नेहमीप्रमाणे मोटारीतून निघाली. मे महिना होता. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रकांची रांग लागलेली, पुढे सरकायला जागा नाही, आणि त्या उन्हात मोटार बंद पडली. साहेबांनी बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं ठेवलं, थांबले, पुन्हा किल्ली फिरवली. नाही म्हणजे नाहीच. नवरीच्या गालावरून मेकअप ओघळत होता. शेवटी कुणीतरी मागून आलेली भाड्याची एसी गाडी थांबवली आणि नवरीला त्यात बसवून दिलं. साहेब वहिनींसोबत बंद मोटारीपाशी उभे राहिले. लग्न लागून गेल्यावर ते पोचले.  त्यांच्या थोरल्या भावाने जेवताना म्हटलं, "भास्कर, आता तिला ठेव घरात. म्हातारी झाली."

हे त्यांना फार लागलं. पुढे कितीतरी दिवस ते तेवढंच बोलत होते. जुन्या मोटारींचा हा रोग ठाऊक असलेलाच. गर्मीत इंजिनाजवळच्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. पण खरंच तेच होतंय का पंपच गेलाय, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. दर रविवारी सकाळी बेलापूरला एका मोकळ्या मैदानावर जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात. तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं, काका, प्रेशर गेज लावा. पेट्रोलचा दाब डोळ्यांसमोर दिसेल. दाब उतरायला लागला की गाडी सावलीत घ्या.

गेज ऑनलाइन मागवलं. ते आलं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मलईच्या रंगाची तबकडी, काळा काटा, पितळी कडं. जणू मोटारीबरोबरच जन्मलेलं. सोबत एक टी-जोड, दोन नट आणि बारीक नळीचं वेटोळं. साहेबांनी ते टेबलावर रुमाल पसरून मांडलं होतं. तुर्भ्याच्या एका गॅरेजात जाऊन बसवलंही. इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी कापून मध्ये टी-जोड घातला, तिथून ती बारीक नळी काढली, इंजिन आणि माणसं बसतात ती जागा यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून आत आणली आणि डॅशबोर्डच्या खाली, वहिनींच्या बाजूला, तबकडीच्या पाठीला जोडली. पंप चालला की त्या नळीतून पेट्रोल तबकडीपर्यंत यायचं आणि काटा हलायचा.

पुढच्या रविवारी ते वहिनींना घेऊन पाम बीच रोडवरून फिरून आले. खूश होते. गेटपाशी थांबून मला काचेतून काटा दाखवला, त्यावर टिचकी मारली.

वहिनी उतरताना म्हणाल्या, "वास येतोय पेट्रोलचा."

"जुनी गाडी हाय," साहेब म्हणाले. "वास येनारच."

वहिनी त्यानंतरही एक-दोनदा बोलल्या. एकदा माझ्यासमोरच, चहा गाळताना. "साडीला वास लागतो, कविता. धुतली तरी जात नाय." साहेबांनी जाऊन नट आवळले. फडक्याने पुसून बघितलं, फडकं कोरडं होतं. वास पूर्ण गेला नाही, पण कमी झाला, आणि कमी झालेल्या वासाची माणसाला सवय होते.

पुढच्या वर्षी एका रविवारी उरणला बारसं होतं. त्याच पुतणीच्या मुलीचं. बारसं आटोपून दुपारी जेवून दोघं परत निघाले. बेलापूर ओलांडून पाम बीच रोडला लागले. मोटार सुरेख चालली होती, काटा जागेवर होता. वहिनींच्या पायाशी बारशाच्या घरून आणलेली पिशवी होती, नारळ आणि पाण्याची बाटली.

वहिनी म्हणाल्या, "पाय ओले झाले."

साहेब म्हणाले, "बाटली सांडली असंल."

वहिनी वाकून बाटली उचलायला गेल्या. बाटलीचं झाकण घट्ट होतं. त्या सांगतात, मी बाटली हातात धरून यांना दाखवली, बघा, ही तर बंद हाय. आणि तेवढ्यात खाली भक्कन झालं.

मोटार दुभाजकाला घासून थांबली. वहिनींच्या बाजूचं दार आतून लवकर उघडायचं नाही, वर उचलून मग ढकलावं लागायचं. आगीत ते कुणाला जमणार? साहेब आपल्या दारातून उतरले, फिरून आले, बाहेरून दार उघडलं आणि जळत्या साडीसकट वहिनींना हातांनी ओढून काढलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने गोणपाट टाकून साडी विझवली. आग विझवायचं नळकांडं मोटारीत होतं. सेफ्टी ऑफिसरच्या गाडीत ते असणारच. पण ते डिकीत होतं, सामानाखाली. त्यानंतर मोटार जळत राहिली आणि लोक लांब उभे राहून मोबाइलवर ते टिपत राहिले.

ऐरोलीला, भाजलेल्यांच्या रुग्णालयात, मी दोघांना वेगवेगळ्या खाटांवर बघितलं. साहेबांचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. वहिनींचे पाय गुडघ्याच्या वरपर्यंत भाजलेले. ड्रेसिंगच्या वेळी वहिनी ओरडायच्या, आणि साहेब त्या वेळी मला म्हणायचे, "दार लाव जरा." दार लावलं तरी ऐकू यायचंच. वहिनी वाचतील की नाही हे डॉक्टर बरेच दिवस सांगत नव्हते. मांडीची कातडी काढून पायांना लावली, काही धरली, काही धरली नाही. त्या वाचल्या. पण पुढे त्यांचं चालणं म्हणजे पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारातल्या खुर्चीपर्यंत. पेणला दिलेली त्यांची लेक काही महिने येऊन राहिली, मग तिलाही घर होतं.

एका दुपारी साहेब मला म्हणाले, "रंजना काल बोलली."

मी विचारलं, "काय बोलल्या?"

"वास येतो बोलले होते मी." ते खिडकीकडे बघत होते. "एवढंच बोलली. परत नाय बोलली. कविता, ती मला शिव्या का नाय घालत?"

कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. भेटायला बरेच जण आले, फळं ठेवून गेले. बाहेर जिन्यात मात्र मी ऐकलं, "सेफ्टी ऑफिसरच्याच गाडीत, बोला." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसावं. पण साहेबांना ते न ऐकताही ऐकू येत होतं. कँटीनमध्ये त्यांची नक्कल करणं त्या दिवसापासून बंद झालं, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

हात बरे झाल्यावर, म्हणजे जेवढे व्हायचे तेवढे झाल्यावर, त्यांनी मला सोबत नेऊन मोटार बघितली. पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात ती उभी होती. नुसता काळा सांगाडा, आत सीटच्या स्प्रिंगा. साहेबांची बोटं नीट मिटत नव्हती. त्यांनी तसाच हात डॅशबोर्ड होता तिथे घातला आणि तबकडीच्या पाठीचा नट चाचपला.

"नट जागेवर हाय," ते म्हणाले. "मी आवळला तसाच हाय. नळी नाय. नळी नटातनं सरकली असनार. खड्ड्यांचा हादरा, इंजिनाची गर्मी, त्यात आताचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. बारीक नळी ती, कडक झाली असंल. आनि इंजिन चालू हाय तोवर पंप ढकलतच राहतो. म्हनजे ही गळती नाय, कविता. कारंजं हाय. तिच्या पायावर."

मी विचारलं, ठिणगी कुठून आली असेल. गाडीची जुनी वायरिंग, किल्लीचा स्विच, पंखा, काहीही असू शकलं असतं.

"ठिणगी शोधू नको," ते म्हणाले. "ठिणगी कुठनंबी येते. पेट्रोल तिथं नको होतं." मग त्यांनी सांगाड्याला हात लावला. "मला आकडा आत आनायचा होता. मी माल आत आनला. तीस वर्षं लोकांना जे सांगितलं ते मीच केलं. का केलं माहितीय? ती मोटार मला कधी यंत्र वाटलीच नाय. बापाची वस्तू वाटली. बापाच्या वस्तूला कोन संशयानं बघतो?"

मोटार तिथूनच भंगारात गेली.

काही महिन्यांनी ते पुन्हा रविवारी बेलापूरच्या मैदानावर जायला लागले. रिक्षाने. तिथे चकचकीत गाड्या ओळीने उभ्या असायच्या, बॉनेट वर केलेली, लोक फोटो काढायचे. साहेब एकेका गाडीच्या खिडकीत वाकून डॅशबोर्ड बघायचे. कुठे गेज दिसलं की मालकाला विचारायचे, "ह्याच्या मागं वायर हाय की नळी?" वायर असली तर "बरं केलंत" म्हणून पुढे जायचे. नळी असली की थांबायचे. शांतपणे समजावायचे. गेज वाईट नाही. इंजिनापाशी सेन्सर लावा, आत फक्त वायर घ्या. नाहीतर गेज बॉनेटच्या आत लावा, दाब तपासा, आणि गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी काढून ठेवा. आणि दाब उतरतोय हे कळून तरी काय होणार? नळी गरम इंजिनापासून लांब घ्या, रोग तिथे आहे. हे सगळं बोलताना समोरचा घड्याळ बघायला लागला की ते बाह्या वर सारायचे.

ते घरी आधी वेगळंच ठरवत होते. मी तिथेच बसले होते. ते वहिनींना म्हणाले, "लोकांना पटत नाय. तुझ्या पायांचा एक फोटो घेऊ काय? नुसते पाय, तोंड नाय."

वहिनी दारातल्या खुर्चीत होत्या. त्यांनी पदराने पाय झाकले, आधीच झाकलेले असूनही.

"माझे पाय लोकांना दाखवू नका," त्या म्हणाल्या. "तुमचे हात दाखवा."

म्हणून ते हात दाखवायचे. गुलाबी, चकाकणारी, ठिकठिकाणी आवळून आलेली कातडी. बघणारे चुकचुकायचे, मान फिरवायचे, मुलांना लांब न्यायचे. त्या जमावात खोत नावाचा एक तरुण होता, आयटी कंपनीत नोकरी करणारा, लाल रंगाची दोन दारांची जुनी गाडी असलेला. त्याच्या डॅशबोर्डवर अगदी तसंच गेज होतं. मलईच्या रंगाचं. साहेब त्याच्याकडे दर रविवारी जायचे.

"काका, माझं चांगल्या कंपनीचं आहे," खोत म्हणायचा. "प्रोफेशनल माणसाकडून बसवलंय. टेन्शन घेऊ नका."

"माझंबी चांगलंच होतं," साहेब म्हणायचे. "काट्यानं शेवटपर्यंत बरोबर दाखवलं."

काही दिवसांनी मैदानावरच्या मंडळींपैकी एकाने साहेबांना बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून, आदराने बोलला. काका, तुमचं दुःख समजतं, पण इथे फॅमिली येतात, लहान मुलं येतात, रविवारचा मूड असतो. साहेबांनी मान हलवली. पुढच्या रविवारी ते मैदानाच्या फाटकाबाहेर उभे राहिले. गाडी आत वळताना हळू व्हायची तेवढ्यात काचेतून डॅशबोर्ड दिसतो का बघायचे. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. ऊन होतं. मी म्हटलं, "साहेब, चला आता. कोणी ऐकत नाही."

"कारखान्यात तरी कुठं ऐकायचे?" ते म्हणाले. "तिथं माझ्याकडं स्विच होता."

पावसाळा संपल्यावर खोतची लाल गाडी पुन्हा मैदानावर दिसायला लागली. एका रविवारी फाटकापाशी ती वळताना खोतने साहेबांकडे बघितलं नाही. साहेबांनी मात्र आत बघितलं. डॅशबोर्डच्या खाली जिथे तबकडी असायची तिथे गोल भोक होतं आणि त्यात काळ्या रबराचं बूच. ते घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "खोतनं काढलं." वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं नाही कोण खोत. "जेवून घ्या," म्हणाल्या. साहेब हात धुवायला गेले आणि मोरीत बराच वेळ नळ चालू राहिला.

त्यांचा आनंद म्हणून मला आठवतो तो तेवढाच. पुढच्या वर्षी ते खंगत गेले. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगायचे, गोळ्या लिहून द्यायचे. ते वहिनींचं सगळं स्वतः करायचे. न मिटणाऱ्या बोटांनी त्यांच्या पायांना मलम लावायचे, कातडी सुकून चिरू नये म्हणून खोबरेल चोळायचे. घरात गॅसची शेगडी काढून टाकली होती, विजेवर स्वयंपाक व्हायचा. देवापुढे दिवाही विजेचा. वहिनींना फोडणीचा वास आवडायचा, तो आता तसा यायचा नाही, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. दोघं एका खोलीत बसायचे आणि दोघांपैकी कुणीच टीव्ही लावायचं नाही. मी गेले की साहेब माझ्याशी कारखान्याचं बोलायचे, कोण निवृत्त झालं, कुठला शेड पाडला. 

ते गेले सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, खुर्चीतच. वहिनींना वाटलं डोळा लागला. गावातली माणसं आली, कारखान्यातले जुने लोक आले. खोत आला नाही. त्याला कळलंही नसेल. चितेला अग्नी द्यायच्या वेळी वहिनींच्या लेकीने मला हळूच विचारलं, आईला स्मशानात आणायला हवं होतं का. मी म्हटलं, नको. नाही आणलं ते बरोबरच झालं.

कार्य उरकल्यानंतर एका संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. लेक आत आवराआवर करत होती. वहिनी दारातल्या खुर्चीत, समोर रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. मी मलमाची डबी घेतली आणि त्यांच्यापुढे खाली बसले. त्या आगीनंतर मी त्यांचे पाय पहिल्यांदा बघत होते. त्यांनी साडी स्वतःच वर केली. मी मलम लावत होते आणि त्या वरून माझ्या डोक्याकडे बघत होत्या.

"हे रोज संध्याकाळी विचारायचे," त्या म्हणाल्या. "मलम लावून झालं की विचारायचे, रंजना, दुखतात काय? मी 'नाय' बोलायची. रोज 'नाय' बोलायची. मग ते उठायचे आनि हात धुवायचे."

मी हात थांबवला.

"लाव तू," त्या म्हणाल्या. "आता विचारनारा नाय, म्हनून सांगते. दुखतात गं. रोज दुखायचे."